एम. १.१९० : एका अवतरणाचा पत्ता

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एक प्रबंध माझ्या टेबलावर आला. ३१२ पानं, स्पायरल बाइंडिंग, आणि सादर करायला तीन आठवडे शिल्लक. संशोधक म्हणाला, "ताई, फक्त तळटिपा बघून द्या. बाकी सगळं झालंय." 'फक्त तळटिपा' हे शब्द कानावर आले की मी हातातला चहा खाली ठेवते.

बडोद्यातल्या एका विद्यापीठाच्या बौद्ध अध्ययन केंद्रात मी संशोधन-साहाय्याचं काम करते. नाव भारदस्त आहे, पण म्हणजे दीड खोली, चार कपाटं, दोन संगणक आणि मी. येणाऱ्यांतले निम्मे 'पीडीएफ आहे का?' म्हणून येतात. उरलेल्यांतल्या बहुतेकांना आपला विषय आधी कुणी उचललाय का, हे शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, बघून हवं असतं. वाक्य घेऊन येणारा क्वचितच. हा वाक्य घेऊन आला होता, पण ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

संशोधक चाळिशीतला, शहरातल्या एका शाळेत इतिहास शिकवतो. वडील विदर्भातून प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, शाळेत गुजराती, प्रबंध इंग्रजीत. असल्या तिपेडी भाषेत वाढलेली माणसं बडोद्यात गल्लोगल्ली आहेत, तेव्हा त्याचं कौतुक नाही. पण पुढे जे झालं ते या तिपेडीमुळेच झालं, म्हणून सांगून ठेवते.

विषय होता गुजरातमधल्या बौद्ध धातुस्थापना, म्हणजे स्तूपांत अवशेष कसे ठेवले, त्यांच्यासोबत काय ठेवलं, काय कोरलं. चौथं प्रकरण देवनीमोरीवर. शामळाजीजवळ मेश्वो नदीच्या काठी हा स्तूप आणि विहार होता. १९६० ते १९६३ या काळात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या र. ना. मेहता आणि चौधरी यांनी तिथे उत्खनन केलं. घाई होती, कारण धरण होणार होतं. ती जागा आता पाण्याखाली आहे. अवशेषांची दगडी मंजूषा, म्हणजे पेटी, मात्र बडोद्याला आली आणि विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात ती जपून ठेवलेली आहे. मंजूषेवर लेख आहे. त्यात कथिक राजांचं १२७वं वर्ष आहे, रुद्रसेन राजा आहे, स्तूप उभारणारे अग्निवर्मा आणि सुदर्शन हे दोन भिक्खू आहेत, मंजूषा घडवणारा सेनाचा मुलगा वराहसुद्धा आहे. आणि या सगळ्याबरोबर प्रतीत्यसमुत्पादाचं सूत्रही कोरलेलं आहे. हे असल्याने ते होतं, हे नसल्याने ते होत नाही, अविद्येपासून जरामरणापर्यंतची साखळी. दानलेख संस्कृतात आहे, सूत्र मात्र पालीच्या जवळच्या, पण पाली नव्हे अशा प्राकृतात आहे.

या शेवटच्या मुद्द्याकडे मी पहिल्या वाचनात नीट लक्ष दिलं नाही. संशोधकानेही दिलं नव्हतं.

चौथ्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर, मधोमध, दोन्ही बाजूंनी समास सोडून एक अवतरण होतं. प्रबंधात इंग्रजीत, इथे मराठीत देते: 'जो प्रतीत्यसमुत्पाद पाहतो तो धम्म पाहतो, जो धम्म पाहतो तो बुद्धाला पाहतो.' तळटीप: एम. १.१९०. आणि खाली प्रकरणाचा कणा असलेलं विधान: याच वचनाला अनुसरून देवनीमोरीच्या भिक्खूंनी अवशेषांसोबत हे सूत्र कोरून घेतलं.

वाचायला छान. साम्यतपासणीचा अहवालही सोबत जोडलेला, साम्य सहा टक्के. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत हरकत घेत नाहीत, त्यामुळे त्या बाजूने तो निर्धास्त होता. पण ते यंत्र फक्त उचललेलं शोधतं. जे कुठून उचललं हेच माहीत नाही, त्याबद्दल ते चकार शब्द काढत नाही.

मी नालंदा प्रत काढली. भिक्खू जगदीश काश्यपांच्या संपादनाखाली निघालेले पाली तिपिटकाचे, म्हणजे बौद्ध धर्मग्रंथांचे, देवनागरीतले खंड आमच्या पहिल्या कपाटात आहेत, दोन-तीन खंडांच्या पाठी सुटल्यात. 'एम.' म्हणजे मज्झिमनिकाय, तिपिटकातला सुत्तांचा, म्हणजे उपदेशांचा, एक संग्रह. त्याचा पहिला खंड, पान १९०. तिथे भलतंच सुत्त. हा अनुभव पालीत काम करणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी येतो, आणि पहिल्यांदा आला की माणूस स्वतःलाच दोष देतो. खरं कारण साधं आहे. 'एम. १.१९०' हा पत्ता लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीच्या रोमन प्रतीचा: ट्रेंकनरने १८८८मध्ये संपादित केलेला पहिला खंड, पान १९०. त्या खंडात सुत्तं १ ते ७६ आहेत. नालंदाचा पहिला खंड पन्नासाव्या सुत्ताला संपतो, कारण त्यांनी मूळ तीन पण्णासकांप्रमाणे, म्हणजे पन्नासेक सुत्तांच्या गटांप्रमाणे, खंड पाडलेत. म्हणजे 'पहिला खंड' म्हणजे कुठला, इथूनच घोळ. त्यात कुणी '१.१९०' हे सुत्ताचा क्रमांक म्हणून वाचलं तर आणखी पंचाईत, कारण मज्झिमात सुत्तं १५२च आहेत.

वाट मात्र आहे. नालंदा प्रतीच्या समासात बारीक टाइपात 'आर' हे रोमन अक्षर आणि पुढे आकडा छापलेला असतो. तोच रोमन प्रतीचा पान क्रमांक. पानं उलटत 'आर १९०'पर्यंत गेले. अठ्ठाविसावं सुत्त, महाहत्थिपदोपम. हत्तीच्या पावलात जशी सगळ्या प्राण्यांची पावलं मावतात, तसे सगळे कुशल धम्म चार आर्यसत्यांत मावतात, अशी सुरुवात. आणि शेवटाकडे ते वाक्य: 'यो पटिच्चसमुप्पादं पस्सति सो धम्मं पस्सति, यो धम्मं पस्सति सो पटिच्चसमुप्पादं पस्सति.'

पूर्वार्ध बरोबर. उत्तरार्धात 'बुद्धाला पाहतो' नाहीच. वाक्य उलटं फिरून पुन्हा प्रतीत्यसमुत्पादावर येतं. शिवाय सुत्त सांगतोय बुद्धांचा शिष्य सारिपुत्त, आणि तो म्हणतो, 'भगवंतांनी हे म्हटलं आहे.' म्हणजे सांगोवांगी एक पायरी आधीच आहे. संगणकावर तिपिटकाच्या छट्ठसंगायन पाठात शब्द टाकून पाहिले, तर निकायांत हे वाक्य याच एका ठिकाणी मिळालं.

मग उत्तरार्ध कुठला? त्यासाठी शोधाशोध करावी लागली नाही, तो पाठ बऱ्याच जणांना असतो. संयुत्तनिकाय हा तिपिटकातलाच दुसरा संग्रह, त्याचं २२वं संयुत्त (विभाग), ८७वं सुत्त. वक्कली नावाचा भिक्खू कुंभाराच्या घरी आजारी पडलाय. बुद्ध भेटायला येतात. वक्कली म्हणतो, फार दिवस आपलं दर्शन घ्यायचं होतं, पण अंगात तेवढीही ताकद उरली नाही. बुद्ध म्हणतात: 'अलं वक्कलि', पुरे, या कुजणाऱ्या देहाला पाहून तुला काय मिळणार? 'यो खो, वक्कलि, धम्मं पस्सति सो मं पस्सति.' जो धम्म पाहतो तो मला पाहतो.

आता गंमत बघा. जो माणूस अवशेषपूजेवर प्रबंध लिहितोय, त्याने प्रकरणाच्या माथ्यावर जे वाक्य ठेवलं, त्याचा अर्धा भाग 'देह पाहून काय करशील?' या प्रश्नाच्या उत्तरातला. यावर एक सबंध परिच्छेद लिहिता आला असता. पण तळटिपेत वक्कलीचा पत्ताच नव्हता, तर परिच्छेद कुठून येणार?

मी निष्कर्ष काढून मोकळी झाले: दोन वचनं चिकटवलेली आहेत, मधला सांधा चुकलाय, 'मला'चं 'बुद्धाला' अनुवादात झालं असणार. पेन्सिलीने समासात लिहिलं, 'जोडवाक्य. दोन स्वतंत्र तळटिपा द्या.' हा निष्कर्ष अर्धाच होता. ते पुढे.

आधी माझी चूक. दोन वर्षांपूर्वी, तो नोंदणी करायला आला तेव्हा, केंद्रातर्फे मीच त्याला दोन पानी संक्षेपसूची दिली होती. दी. म्हणजे दीघ, एम. म्हणजे मज्झिम, असं सगळं. कुठल्या प्रतीचा खंड आणि कुठल्या प्रतीचं पान, हे सूचीत कुठेच नव्हतं. ते मला इतकं गृहीत होतं की लिहायचं सुचलंच नाही. परिणामी त्याच्या प्रबंधातल्या मज्झिमाच्या तळटिपांपैकी काही रोमन प्रतीच्या होत्या, इंग्रजी पुस्तकांतून आलेल्या. काही नालंदाच्या, जिथे त्याने स्वतः पान पाहिलं होतं. आणि दोन ठिकाणी सुत्ताचा क्रमांक होता. सगळ्या दिसायला अगदी सारख्या. दोन आकडे, मध्ये टिंब. त्या वेगळ्या काढण्यातच पहिला आठवडा गेला.

शनिवारी तो आला. मी नालंदाचा खंड आणि संगणकाचा पडदा दोन्ही दाखवले. त्याने समासातला आकडा बोट ठेवून वाचला, 'आर १९०', आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, पण हे वाक्य चुकीचं असूच शकत नाही. हे बाबांच्या वहीत आहे."

पुढच्या वेळी वही घेऊनच आला. रेल्वेची जुनी डायरी, कव्हराला खाकी कागद, आत निळ्या शाईचं ठसठशीत अक्षर. एका पानावर शीर्षक 'ऐकलेलं', खाली आकडे घालून ओळी. प्रवचनांत, सभांत, वर्षावासाच्या वाचनात कानावर पडलेलं वडिलांनी उतरवून ठेवलं होतं. अकरावी ओळ हीच. 'बुद्धाला पाहतो' असंच. कुणी सांगितलं, कुठे सांगितलं, काही नाही. प्रबंध लिहिताना त्याने वहीतलं वाक्य इंग्रजीत आणलं आणि एका इंग्रजी पुस्तकात पूर्वार्धाला जो पत्ता दिसला, तो अख्ख्या वाक्याला लावला. लबाडी यात कुठेच नव्हती. पाठ असलेलं वाक्य माणूस मुळातून तपासत नाही, एवढंच. आईचा पत्ता लिहिताना कुणी डायरी उघडतं का?

पण त्याला माझं म्हणणं पटलं नव्हतं, आणि ते त्याने लपवलंही नाही. "बाबांनी ऐकलं ते कुणीतरी म्हटलं असेल ना? की तेही चुकलं?" स्वर चढला होता. मी म्हटलं, "बाबा चुकले असं मी म्हणत नाहीये. तुमची तळटीप चुकली, एवढंच." तो वही घेऊन निघून गेला. दोन दिवस फोन नाही.

सोडवणूक झाली ती माझ्यामुळे नाही. केंद्रात एक निवृत्त शास्त्रीबुवा येतात, न्यायदर्शनाचे. जन्म हस्तलिखितांत गेला. बौद्धांचं वाचलं ते खंडनासाठी, असं स्वतःच हसत सांगतात. बडोद्याचं एकूण तसंच आहे म्हणा. इथली ताकद संस्कृताची. गायकवाड ओरिएंटल मालेत १९२६ला शांतरक्षिताचा तत्त्वसंग्रह निघाला, त्याच्या आगेमागे साधनमालेचे दोन भाग, १९४९ला हेतुबिंदुटीका. पालीसाठी मात्र आमची मुलं पुण्याला किंवा मुंबईला फोन लावतात. खुद्द सयाजीरावांनी पालीचे पंडित धर्मानंद कोसंबींना महिना पन्नास रुपये देऊ केले, तेही महाराष्ट्रात राहून वर्षाला एखादं पुस्तक लिहावं म्हणून.

तर शास्त्रीबुवांनी माझ्या टेबलावरचं ते पान सहज उचललं, माझी पेन्सिलीची टीप वाचली आणि म्हणाले, "जोडवाक्य कसलं? हे शालिस्तंबसूत्रातलं आहे." आणि डोळे मिटून म्हणून दाखवलं: 'यो भिक्षवः प्रतीत्यसमुत्पादं पश्यति स धर्मं पश्यति, यो धर्मं पश्यति स बुद्धं पश्यति.'

स बुद्धं पश्यति. वडिलांच्या वहीत 'मला' नव्हतं, 'बुद्धाला' होतं. तो शब्द मी अनुवादकाचा सैलपणा समजून ओलांडून गेले होते. खरं तर सबंध वाक्याचा पत्ता त्या एका शब्दात होता.

शालिस्तंब हे महायानातलं संस्कृत सूत्र, शब्दाचा अर्थ भाताचं रोप. सूत्र राजगृहाला गृध्रकूटावर घडतं. बुद्ध भाताच्या रोपाकडे बघून एवढं एकच वाक्य बोलतात आणि गप्प होतात. मग शारिपुत्र (पालीतला सारिपुत्त) बोधिसत्त्व मैत्रेयाकडे जाऊन अर्थ विचारतो आणि मैत्रेय बी, अंकुर, पान, कणीस अशी साखळी उलगडतो. मूळ संस्कृत सलग मिळत नाही. इतर ग्रंथांतल्या अवतरणांतून आणि तिबेटी-चिनी भाषांतरांच्या आधाराने ते उभं केलेलं आहे. आपल्याकडे सहज हाती लागणारा पाठ म्हणजे प. ल. वैद्यांनी १९६१ला दरभंग्याहून काढलेला महायानसूत्रसंग्रह, पहिला भाग. तो आमच्या तिसऱ्या कपाटात होता. माझ्या टेबलापासून चार पावलांवर.

त्या रात्री मीच फोन केला. पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाल्याचं ऐकू आलं. वाक्य दोनदा म्हणायला लावलं त्याने.

यानंतरचं काम सोपं होतं, असं वाटेल, नव्हतं. कारण आता त्याला उलट्या बाजूने वाहवत जायचं होतं: मग मंजूषेवरचं सूत्र शालिस्तंबातूनच आलं, असं लिहू का? नाही. प्रतीत्यसमुत्पादाचे पाठ अनेक आहेत. मंजूषेवरचा दानलेख संस्कृत आहे आणि शालिस्तंबही संस्कृत आहे, एवढ्यावर नातं लावता येत नाही. मात्र पाली मज्झिम समोर ठेवून गुजरातच्या भिक्खूंनी काही केलं, हे विधान आता उभंच राहत नव्हतं. सातव्या शतकात ह्युएन त्संग आला तेव्हा सौराष्ट्रातल्या वलभीला शंभरेक संघाराम (विहार) आणि सहा हजार भिक्खू असल्याचं तो लिहितो, आणि ते थेरवादाहून वेगळ्या सम्मितीय पंथाचे. स्तूपाच्या काळापासून हे बरंच पुढचं असलं, तरी या प्रदेशात थेरवादी पाली तिपिटक डोळे मिटून गृहीत धरता येत नाही, हे सांगायला पुरेसं आहे.

शनिवार-रविवार बसून आम्ही ते एक वाक्य लिहिलं. पाच खर्डे झाले. शेवटचा असा: 'अवशेषांसोबत हे सूत्र कोरण्यामागे प्रतीत्यसमुत्पाद, धर्म आणि बुद्ध यांना एकरूप मानणारी समजूत असावी, ही समजूत पालीत दोन वेगवेगळ्या सुत्तांत विखुरलेली दिसते, तर इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात चिनीत गेलेल्या शालिस्तंबसूत्रात ती एकाच वाक्यात येते.' खाली तीन तळटिपा, प्रत्येकीत प्रतीचं नाव, सुत्ताचा क्रमांक आणि मगच पान. 'अनुसरून' गेलं, 'असावी' आलं. त्याला 'असावी' टोचत होतं. पंधरा वर्षं फळ्यावर 'आहे' लिहिणाऱ्या माणसाला टोचणारच. मंजूषा स्वतःला 'दशबलाच्या (बुद्धाच्या) शरीराचं निवासस्थान' म्हणवते, तो शब्दप्रयोग त्याने वक्कलीच्या 'कुजणाऱ्या देहा'शेजारी ठेवला आणि त्यावर दीड पान लिहिलं. माझ्या मते अख्ख्या प्रबंधातलं ते सर्वांत चांगलं दीड पान आहे. ते शेवटच्या आठवड्यात लिहिलं गेलं.

ओघात आणखी एक गाठ निघाली, तीही त्याच प्रकरणात. पान १४१वर स्तूपाचं वर्ष इ.स. २०५ होतं आणि पान १६८वर ३७५. दोन वेगळ्या पुस्तकांतून आलेले आकडे, एकमेकांची ओळख नसलेले. १२७ हा आकडा शक संवतातला धरला तर २०५ येतं, कलचुरी-चेदी संवतातला धरला तर ३७५-७६. आणि पंचाईत अशी की पश्चिमी क्षत्रपांमध्ये दोन्ही वेळी रुद्रसेन नावाचा राजा गादीवर आहे, एकदा पहिला, एकदा तिसरा. लेखात 'कथिक राजांचं वर्ष' एवढंच. इथे केंद्राने बाजू घ्यायची नसते. दोन्ही गणितं मांडून, आपण कुठलं स्वीकारतो आणि का, हे संशोधकाने एकदाच आणि एकाच ठिकाणी लिहायचं. त्याने चौथं शतक घेतलं. मग पुढच्या-मागच्या सगळ्या पानांवरून २०५ पुसायला बसलो. चार ठिकाणी सापडलं, पाचवं निर्देशसूचीत.

मार्गदर्शक बेन वैतागल्या होत्या, हे लिहायला हवं. शेवटच्या टप्प्यात केंद्राने प्रकरणात हात घालावा का, हा त्यांचा प्रश्न गैर नव्हता. तळटिपा तपासणं आमचं काम, विधान बदलायला लावणं नाही. मी त्यांना वही दाखवली, नालंदाचा समास दाखवला, वैद्यांचं पान दाखवलं. त्या म्हणाल्या, "आ तो मारे जोवानुं हतुं," हे मी बघायला हवं होतं, आणि मुदतवाढीच्या अर्जावर सही केली. सहा आठवडे मिळाले. मुदतवाढीचं शुल्क त्यानेच भरलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्यातला निदान आठवडा माझ्या संक्षेपसूचीचा होता.

वहीचं काय करायचं, यावर मात्र आमचं एकमत झालं नाही. माझं म्हणणं, प्रस्तावनेत तिचा उल्लेख कर: कारखान्यातल्या माणसाच्या वहीत संस्कृत सूत्रातलं वाक्य मराठीत नांदतंय, हाही पुरावाच आहे, खासगी संग्रह म्हणून रीतसर नोंदवता येतो. त्याला ते नको होतं. "लोक म्हणतील बापाचं कौतुक करतोय." प्रबंध वहीशिवाय गेला.

संक्षेपसूची मी नव्याने टाइप केली. आता तीन पानं झालीत. प्रत्येक ग्रंथापुढे 'कुठली प्रत' असा रकाना आहे, आणि नालंदाच्या एका पानाचा फोटो, समासातल्या 'आर'भोवती लाल गोल काढलेला.

प्रबंध गेल्यावरही तो शनिवारी येतो, वही घेऊन. 'ऐकलेलं'खाली त्रेचाळीस ओळी आहेत. एक ओळ काढायची, पाली बघायची, संस्कृत बघायचं, नाही मिळाली तर शास्त्रीबुवांची वाट बघायची. काही ओळी धम्मपदातल्या निघाल्या, त्या पटकन मिळतात. गेल्या शनिवारी सतरावी ओळ होती. ती अजून सापडलेली नाही.